चाबूकस्वार विष्णुपंत छत्रे

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा नाना जातींची उमदी जनावरे तेथे विक्रीस येतात. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि सौदा ठरवतो. परंतु घोड्याची खरी ओळख बाजारात होत नाही. ती घरी आणल्यावर होते. नव्या धन्याने हौसेने खोगीर चढवून रिकिबीत पाय ठेवावा आणि जनावराने कान मागे टाकून भरधाव उधळावे, असे पुष्कळदा घडते. घाबरलेला स्वार दोन्ही हातांनी लगाम खेचू लागतो. त्यामुळे घोड्याचे तोंड दुखते, तो अधिकच भितो आणि अधिकच पळतो. अशा घोड्याला वळण लावण्यासाठी पूर्वी चाबूकस्वाराला बोलावीत असत. त्याच्या नावात चाबूक असला, तरी जाणता चाबूकस्वार तो फार थोडा वापरी. या विद्येत पारंगत होऊन ज्यांनी तिच्या बळावर एक नवीच कला आपल्या देशात रुजवली, ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे होत.

विष्णुपंत मूळचे सांगलीजवळच्या अंकलखोप गावचे. त्यांना दोन गोष्टींचा विलक्षण ओढा होता, एक घोडा आणि दुसरे गाणे. या दोन्ही विद्या एकाच ठिकाणी मिळण्यासारखे गाव त्या काळी ग्वाल्हेर हे होते. शिंदे सरकारच्या त्या राजधानीत नामांकित घोडी होती आणि नामांकित गवईही होते. विष्णुपंत तेथे गेले. बाबासाहेब आपटे यांच्याजवळ ते अश्वविद्या शिकले आणि विख्यात गायक हद्दूखाँ यांच्याजवळ गाणे शिकले. एका गुरूच्या दारी पागेतील धूळ आणि दुसऱ्याच्या दारी सुरांची मेहनत, असा त्यांचा विद्यार्थिदशेतील काळ गेला. वरवर पाहता या दोन विद्यांचा काही संबंध दिसत नाही. परंतु घाई करणाराला दोन्ही साधत नाहीत, हे मात्र खरे.

उधळणाऱ्या घोड्याला वठणीवर आणणे हे अश्वविद्येतील एक कठीण काम आहे. घोडा हा मूळचा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. भय वाटले की पळायचे, एवढेच त्याला जन्मतः ठाऊक असते. म्हणून त्याला भय कशाचे वाटते, याचा शोध प्रथम घ्यावा लागतो. पाठीवर खोगिराने जखम केली आहे काय, तंग फार आवळला आहे काय, लगामाची कडी तोंडाला बोचते काय, हे हात फिरवून पाहावे लागते. काम थोडे आणि दाणा फार झाला, तरी घोडा मस्तीला येतो. मग काही दिवस त्याच्यावर बसायचेच नाही. लांब दोरी लावून त्याला मोकळ्या जागेत गोल फिरवायचे, आधी चालीने, मग दुडकीने. रिकामे खोगीर अंगवळणी पडल्यावरच माणसाने पाठीवर बसायचे. इतके करूनही तो उधळलाच, तर दोन्ही लगाम खेचून धरायचे नाहीत. मोकळे मैदान पाहून एका अंगाला हळूहळू वळवीत त्याला वर्तुळात आणायचे आणि ते वर्तुळ लहान लहान करीत जायचे. सरळ रेषेत वाऱ्यासारखा धावणारा घोडा लहान वर्तुळात तसा धावू शकत नाही. त्याचा वेग आपोआप कमी होतो.

शिक्षण संपवून विष्णुपंत दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी घोड्यांचे शिक्षक म्हणून राहिले. इंग्रजी लेखनात या कुरुंदवाडचे पुष्कळदा कुर्डुवाडी झालेले आढळते. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन. तेथे कोणी राजा कधीच नव्हता. नावाच्या सारखेपणामुळे सोलापूरकरांच्या वाट्याला हा मान फुकट आला आहे!

१८७९ साली चिअरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. विष्णुपंत आपल्या धन्यासह ती पाहण्यास गेले. त्या काळच्या सर्कशीत घोड्यांच्या कसरतींना मोठे स्थान असे. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टले नावाच्या घोडेस्वाराने असे ओळखले होते की, वर्तुळात दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर आतल्या बाजूस किंचित झुकून उभे राहिले असता माणसाला तोल सावरता येतो. तेव्हापासून सुमारे बेचाळीस फूट व्यासाचे रिंगण सर्कशीत रूढ झाले. उधळलेल्या घोड्याला ज्या वर्तुळात आणून शांत करायचे, तेच हे वर्तुळ. विष्णुपंतांना त्यात अपरिचित असे काय होते? असे सांगतात की, हिंदुस्थानात असा खेळ उभा राहण्यास अजून बरीच वर्षे लागतील, असे चिअरिनी म्हणाला आणि सहा महिन्यांत जो कोणी असे खेळ करून दाखवील, त्याला हजार रुपये आणि एक घोडा देण्याची पैज त्याने लावली. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले.

हे काम साधे नव्हते. स्वारीचा घोडा आणि रिंगणातला घोडा यांत मोठे अंतर असते. ज्या ज्या गोष्टींनी घोडा बुजतो, त्या सर्व सर्कशीत एकत्र असतात. तेथे दिव्यांचा झगझगाट, वाद्यांचा गजर आणि हजारो माणसांच्या टाळ्या असतात. अशा गोंधळात त्याने एकाच वेगाने धावत राहिले पाहिजे. पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला लगामाचा आधार नसतो. घोड्याने एक पाऊल चुकवले की तो खाली पडलाच. शिवाय संस्थानातील प्रतिष्ठेची चाकरी सोडून तमाशासारखे खेळ करीत गावोगाव हिंडणे हे त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील माणसाला शोभणारे मानले जात नसे. विष्णुपंतांनी ही जोखीम पत्करली. १८८० साली त्यांनी आपला खेळ लोकांसमोर आणला. २० मार्च हा त्या पहिल्या खेळाचा दिवस मानतात. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ या नावाने त्यांचा तांबू मग देशभर हिंडू लागला.

हिंडता हिंडता ही सर्कस मलबारात तेल्लिचेरीला पोहोचली. तेथे कसरतीचे शिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांची व विष्णुपंतांची गाठ पडली. कुन्हिकण्णन यांनी पुढे सर्कशीसाठी खेळाडू तयार करण्याचे काम हाती घेतले आणि केरळ हे हिंदी सर्कशीचे माहेरघर बनले.

या सगळ्या धामधुमीत विष्णुपंत गाणे विसरले नाहीत. हद्दूखाँ १८७५ साली वारले होते. त्यांचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गायक. परंतु व्यसनाने आणि मनाच्या विकाराने ते अगदी हलाखीत काशीत भटकत होते. विष्णुपंतांना ते तेथे आढळले. गुरुपुत्राची ती दशा पाहून विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर घेतले. खाँसाहेबांना जपणे हे काही सोपे नव्हते. ते लहरी होते आणि कोणाच्या आज्ञेने गात नसत. त्यांचा कल पाहून, त्यांना न दुखवता सांभाळावे लागे. सर्कशीच्या तांबूबरोबर तेही गावोगाव फिरले आणि लोकांना त्यांचे गाणे ऐकावयास मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विष्णुपंत निवर्तले. सर्कस त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी पुढे चालवली आणि खाँसाहेबांचा सांभाळही त्यांनीच केला. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत रहिमतखाँ छत्रे यांच्याच आश्रयाने कुरुंदवाडास राहिले.