नाकवाला योझेफ

आमच्या घराण्याचे नाक मोठे आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, शब्दशः सांगते. ओटीवरच्या फोटोत पणजोबा आहेत. फोटोकडे पाहिले की आधी ते नाक दिसते आणि मग पणजोबा. आजोबांचे तसेच होते, वडिलांचे तसेच आहे. मध्यावर उंचवटा आणि टोक खाली वळलेले. पुरुषाच्या चेहऱ्यावर असे नाक असले की लोक त्याला करारी म्हणतात. तेच माझ्या वाट्याला आले आणि मी शाळेत पोपट झाले.

कॉलेजात कोणी तोंडावर काही बोलत नाही. पण ग्रुप फोटोच्या वेळी मी आपोआप समोर तोंड करून उभी राहते, बाजूने कोणाला फोटो काढू देत नाही. गेल्या स्नेहसंमेलनात मला सासूचे काम मिळाले. दिग्दर्शकाने कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आजी मात्र म्हणते की मोतीबिंदू असला तरी गर्दीत तुला नाकावरून ओळखीन. तिला ते कौतुक वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन मी एका प्लॅस्टिक सर्जनकडे गेले. जाताना प्रश्नांची यादीच केली होती. व्रण दिसेल का? श्वास नीट घेता येईल ना? सूज किती दिवस राहील? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, नंतर आरशात मीच दिसेन की दुसरी कोणी? डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली. छेद बहुधा नाकाच्या आतून घेतात, कधी दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर लहानसा बाहेरून घ्यावा लागतो. डोळ्यांखालचे काळेनिळेपण दोनेक आठवड्यांत जाते. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण उरलेली इतकी हळू ओसरते की खरा आकार दिसायला वर्ष लागू शकते. नाकाच्या आतला आधार जपला नाही तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून फक्त बाहेरून पाहून चालत नाही. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. मनासारखेच होईल अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. मग त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितले आणि मला विचारले की हे नक्की कोणाला हवे आहे. ज्यांना बारीकसा दोष डोंगराएवढा वाटतो, त्यांचे समाधान सुरीने होत नाही, असेही ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी जाक योझेफचे नाव घेतले, आणि परीक्षेचा अभ्यास सोडून मी या माणसाच्या मागे लागले.

योझेफचा जन्म 1865 साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग या गावी झाला. वडील ज्यू धर्मगुरू, मुलाचे नाव याकोब. शिक्षण बर्लिनला झाले. पुढे याकोबचा जाक झाला, म्हणजे घरातले जुने नाव मागे पडून फ्रेंच वळणाचे, चारचौघांत खपणारे नाव आले. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत तलवारीची द्वंद्वे खेळायची रीत होती आणि गालावरचा वार हे मर्दानगीचे मानचिन्ह समजले जाई. योझेफच्या गालावरही असा व्रण होता. पुढे ज्याने व्रण लपवण्यात हयात घालवली, त्याने स्वतः एक व्रण मिरवला, याची मला गंमत वाटते. पण त्यात गमतीपेक्षा अधिक काही आहे. तो व्रण त्याला इतरांसारखा करत होता.

डॉक्टर झाल्यावर तो बर्लिनमध्ये यूलियुस वोल्फ या नामांकित अस्थिशल्यतज्ज्ञाचा सहायक झाला. हाड जसा भार सोसते तसे घडत जाते, हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तोच हा वोल्फ. पाय वाकडे, पाठ वाकडी, असे रोगी तिथे येत. 1896 साली एक आई आपल्या मुलाला घेऊन योझेफकडे आली. मुलाचे कान बाहेर आलेले होते. पोरे चिडवतात म्हणून तो शाळेत जाईना. योझेफने शस्त्रक्रिया करून ते कान मागे बसवले आणि बर्लिनच्या वैद्यक मंडळापुढे त्याची हकीकत मांडली. परिणाम असा झाला की वोल्फने त्याला नोकरीवरून काढले. कानांना रोग नव्हता, ऐकू चांगले येत होते. मग सुरी का लावली?

वोल्फवर एकदम रागावू नये. ज्या शरीराला आजार नाही ते कापणे हे तेव्हाच्या वैद्यांना पाप वाटे, आणि भूल, जंतुसंसर्ग यांचे धोके आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. शिवाय आजही आपण प्रत्येकजण थोडा थोडा वोल्फ असतोच. आईनेही मला हेच विचारले होते की तुझ्या नाकाला झालेय काय?

इथे थोडे आपल्या पुण्याकडे वळते, कारण तिथून एक वाट बर्लिनला जाते. टिपूशी झालेल्या 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा नमुना करून तो कपाळावर सपाट पसरला, त्याबरहुकूम कपाळाची कातडी सोडवली आणि भुवयांमध्ये ती थोडी जोडलेलीच ठेवून खाली वळवून बसवली. चिकटायला काताचा लेप लावला. पंचविसाव्या दिवशी तो जोड कापला. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हा प्रकार पाहिला, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये तो चित्रासह छापून आला. ते वाचून लंडनला कार्प्यू याने 1814 साली तसे नाक केले, आणि 1818 साली बर्लिनच्या ग्रेफेने नाकाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तकच लिहिले. त्यात ही भारतीय पद्धत आहे. त्या विटा पाडणाऱ्याचे नाव मात्र त्या मासिकात छापलेले नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून हे मला फार लागते.

कावसजीचे नाक कापलेले होते. ते करून द्यावे की नाही असा प्रश्न कोणालाही पडला नाही. आपल्या भाषेत नाक कापणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. योझेफपुढचा प्रश्न अवघड होता, कारण त्याच्या रोग्यांची नाके जागेवर होती.

1898 सालच्या जानेवारीत असाच एक माणूस त्याच्याकडे आला. वय 28, खेड्यातला जमीनदार, नाक फार मोठे. रस्त्यावर लोक वळून पाहत, खुणा करत. बिचाऱ्याने लोकांत जाणे सोडले होते आणि तो खिन्न झाला होता. कानाच्या शस्त्रक्रियेविषयी ऐकून तो आला होता. योझेफने आधी मृतदेहावर प्रयोग करून पाहिला आणि मग त्याचे नाक बाहेरून छेद घेऊन लहान केले. मे महिन्यात तो पुन्हा त्याच वैद्यक मंडळापुढे उभा राहिला. नाक किती लहान झाले हे त्याने सांगितलेच, पण त्याचा खरा भर दुसरीकडे होता. या माणसाची खिन्नता गेली, कोणाच्या नजरेत न भरता त्याला हिंडता येते याचाच त्याला आनंद आहे, आणि लोकांना टाळणारा नवरा आता मेजवान्या द्यायच्या म्हणतो असे त्याची बायको सांगते, असा त्याचा अहवाल होता. शरीर निरोगी असूनही माणूस दुःखी असू शकतो आणि ते दुःख वैद्याच्या कक्षेत येते, एवढेच त्याचे म्हणणे होते. आज हे साधे वाटते. 1898 साली ते बंड होते.

तशी शस्त्रक्रिया करणारा तो पहिला नव्हता. अमेरिकेत रॉचेस्टर गावच्या जॉन रो याने 1887 सालीच नाकाच्या आतून नाक सुधारले होते. पण योझेफने त्याचे शास्त्र केले. 1904 पर्यंत तोही आतून छेद घेऊ लागला, म्हणजे बाहेर व्रणच उरेना. चेहऱ्याचे साचे घ्यायचे, फोटो काढायचे, नाकाचा कोन मोजायचा, हे त्याने नेमाने केले. लहान करवती, सुऱ्या, मापायची साधने त्याने स्वतः योजली. त्यांतल्या काही आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. बसक्या नाकाला आधार म्हणून तो हस्तिदंत घाले. आता त्याऐवजी बहुधा रोग्याचीच कूर्चा वापरतात. बर्लिनमध्ये लोक त्याला नाकवाला योझेफ म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धाने ही सगळी चर्चाच बदलली. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे, नाके, गाल उडाले. 1916 साली बर्लिनच्या शारिते रुग्णालयात चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग योझेफकडे सोपवण्यात आला. ज्याला नटवेपणाचा डॉक्टर म्हणून हिणवले, त्याच्याकडे आता सरकार माणसे पाठवू लागले. पुढे त्याला प्राध्यापक ही पदवी मिळाली. धर्म बदललास तर विद्यापीठात मोठे आसन देऊ असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने ते नाकारले, अशी एक कथा आहे. कथा म्हणूनच सांगते. पण ती खरी असावी असे मला वाटत राहते. नाव बदलणारा, गालावर व्रण घेणारा हा माणूस कुठेतरी थांबला असेल, तर तो इथे.

तो संत नव्हता. श्रीमंतांकडून भरपूर पैसे घेई. गरिबांचे काम फुकट करी असेही सांगतात. देशोदेशीचे डॉक्टर त्याच्याकडे शिकायला येत, तर पाहण्याचेसुद्धा शुल्क असे, आणि उभे राहून पाहा, समजले तर समजले असा खाक्या. त्यातूनच ऑफ्रिख्ट, सेफियन यांच्यासारखे शिष्य अमेरिकेत गेले आणि तिथे ही विद्या रुजली. त्याचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ 1931 साली पूर्ण झाला.

आता जी गोष्ट मला छळते ती सांगते. त्याच्याकडे येणाऱ्यांत पुष्कळ ज्यू होते. ज्यूचे नाक असेच असते हा समज व्यंगचित्रकारांनी आणि द्वेष्ट्यांनी रूढ केला होता. प्रत्यक्षात तशी नाके सगळ्या समाजांत असतात, आमच्या ओटीवरही आहेत. पण समज खोटा असला तरी रस्त्यावरची थट्टा खरी होती. मग योझेफ काय करत होता? माणसाला ओझ्यातून सोडवत होता, की चिडवणाऱ्यांचेच म्हणणे मान्य करत होता? आमच्या वाङ्मय मंडळात यावर वाद झाला तेव्हा एक सर म्हणाले की चूक समाजाची, तर कापायचे रोग्याला का? बरोबर आहे. पण समाज सुधारेपर्यंत त्या शाळेत न जाणाऱ्या पोराने काय करायचे, याचे उत्तर सरांकडे नव्हते. माझ्याकडेही नाही. मला योझेफ पटतो तो एवढ्यासाठी की त्याच्या त्या रोग्याला देखणेपण नको होते, फक्त वळून पाहणाऱ्या नजरांपासून सुटका हवी होती.

1933 साली नाझी सत्तेवर आले. एप्रिलमध्ये ज्यूंची दुकाने आणि दवाखाने यांच्यावर बहिष्कार पुकारला गेला, आणि सरकारी विम्याच्या रोग्यांवर उपचार करण्याची मुभा अनेक ज्यू डॉक्टरांकडून काढून घेतली गेली. शाळांतून मुलांना नाकावरून ज्यू कसा ओळखावा हे शिकवू लागले. पुढे तर कोण ज्यू हे नाकावरून नव्हे, आजी-आजोबांच्या नोंदींवरून ठरू लागले. तिथे कोणतीही सुरी चालणार नव्हती. योझेफला ते पाहावे लागले नाही. 12 फेब्रुवारी 1934 रोजी तो हृदयविकाराने गेला. बर्लिनच्या वाइसेनझे भागातल्या ज्यू दफनभूमीत त्याला पुरले. तिथली त्याची कबर कित्येक वर्षे विस्मृतीत गेली होती. डॉक्टरांनी ती शोधून पुन्हा दगड बसवला तो या शतकात.

माझी तारीख परीक्षेनंतरची आहे. डॉक्टरांनी तोवर विचार करायला सांगितले आहे आणि मनात काय खुपते ते कागदावर लिहून आणायला सांगितले आहे. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत. आजीला अजून सांगितलेले नाही. तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशनही त्याच सुमारास आहे.