फातमा बेगम : सिनेमे गेले, पेपरातली जाहिरात राहिली

चामोर्शीत भजी घेतली तर अजूनही बरेचदा पेपरच्या तुकड्यावरच मिळतात. खाऊन झालं की आपण तो कागद चुरगाळून फेकतो. त्यावर कुणाचं नाव छापलंय, हे कोण बघतं? पण आपल्या समाजातल्या एका बाईंचं उभ्या आयुष्याचं काम आज अशाच कागदांच्या भरवशावर उरलं आहे. फातमा बेगम त्यांचं नाव. भारतातल्या पहिल्या महिला चित्रपट दिग्दर्शक त्याच.

१८९२ साली उर्दू बोलणाऱ्या मुस्लिम घरात त्यांचा जन्म झाला. आधी त्या उर्दू नाटकांत काम करायच्या. सिनेमात तेव्हा बाईची भूमिकाही बऱ्याचदा पुरुषच करत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. अशा काळात, १९२२ साली, अर्देशीर इराणी यांच्या ‘वीर अभिमन्यू’मधून फातमा बेगम पडद्यावर आल्या. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा असणारच. तरी त्या थांबल्या नाहीत. झुबेदा, सुलताना आणि शहजादी या तिन्ही मुलीही सिनेमात आल्या.

१९२६ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कंपनी काढली, फातमा फिल्म्स. दोन वर्षांनी तिचं नाव व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स झालं. त्याच १९२६ मध्ये त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. पऱ्यांच्या दुनियेचा हा मूकपट होता. पैसा स्वतःचा, कंपनी स्वतःची आणि हुकूमही स्वतःचा! शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही.

आज तो सिनेमा कुठेच बघायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असायची, चटकन पेट घ्यायची. कितीतरी रिळं जळाली, कितीतरी चांदी काढायला भंगारात गेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर फार उशीर झाला होता. मग अभ्यासक करतात काय? जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली काढतात. अमुक थिएटरात अमुक खेळ, एवढीच दोन बोटांची जाहिरात असते, पण तारीख आणि नाव पक्कं मिळतं.

सचिन संस्थानच्या नवाबांशी त्यांचं नाव जोडलं जातं. निकाहाचा करारनामा मात्र नोंदीत मिळत नाही. गंमत बघा, हा किस्सा चवीने सांगणारे भेटतात, पण त्यांनी कोणता सिनेमा काढला हे त्यांना ठाऊक नसतं.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं रंगतात. त्यात काम करणाऱ्या बायकांची नावंही पत्रकांवर छापून येतात. सकाळी ती पत्रकं मंडपात पायाखाली पडलेली दिसतात. मी हल्ली एखादं उचलून घरी आणतो. बेगम हसते, म्हणते, रद्दी जमवता काय?

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट. त्याची नायिका होती फातमा बेगम यांची लेक झुबेदा. फातमा बेगम १९३८ पर्यंत काम करत राहिल्या आणि १९८३ साली वारल्या. पाच वर्षांनी झुबेदाही गेल्या. ‘आलम आरा’चीही प्रत आज नाही. थोडे फोटो आहेत, आणि पेपरातली जाहिरात.