सर चंद्रशेखर वेंकट रामन

बीड येथील कंकालेश्वराचे मंदिर कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. कुंडात खडा टाकला तर लाटा उमटतात व वाटेतील दगडांवर आपटून चहूकडे विखुरतात. प्रकाशाच्या लहरीही पदार्थातील अस्ताव्यस्त रेणूंमुळे अशाच विखुरतात. या विखुरण्याचा ध्यास घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे रामन होत.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा जन्म झाला. सरकारी अर्थखात्यात ते अधिकारी होते. काही काळ नागपुरासही होते. कलकत्त्यास असताना कचेरीपूर्वीचा व नंतरचा वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत. अखेर १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडून कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले.

१९२१ साली विलायतेहून परतताना त्यांनी भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहिली. ती आकाशाचे प्रतिबिंब होय, असे थोर शास्त्रज्ञ रॅले मानीत. रामन यांनी लोलकाच्या साह्याने परावर्तित प्रकाश वगळून पाहिले, तरी निळाई कायम राहिली! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांना उमगले.

पुढे सात वर्षे त्यांनी शिष्यांसह अनेक द्रव तपासले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज निराळा रंगही आढळला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले. त्यांच्या शोधाचा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.