फॅरडेची वही

आमच्या ब्रँचला तिसऱ्या वर्षी मशीन्सचं प्रॅक्टिकल असतं. त्यात रीडिंग घ्यायची एक खास पद्धत आहे, ती कुठल्याच मॅन्युअलमध्ये छापलेली नाही. आधी वरच्या बॅचच्या जर्नलमध्ये ग्राफ बघायचा, मग त्या ग्राफवर नीट बसतील अशी रीडिंग्ज लिहायची आणि उरलेल्या वेळात कँटीन गाठायचं. मीटरचा काटा खरंच कुठे थांबला होता, हे कुणी बघत नाही. मीही बघत नाही. गेल्या सेमिस्टरला डी. सी. जनरेटरचा ग्राफ मधेच वर उसळला, तेव्हा आम्ही चौघींनी तीन पॉईंट खोडले आणि त्यांच्या जागी तीन शहाणे पॉईंट काढले. सही मिळाली.

त्याच महिन्यात प्लेसमेंटसाठी मॉक इंटरव्ह्यू झाले. प्रश्न ठरलेलाच. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. रात्री रूमवर आल्यावर मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण पाच वर्षांचं सोडा, मला पुढच्या पाच महिन्यांचंही काही दिसत नव्हतं. झोप येईना म्हणून टेबलावरचं फॅरडेचं चरित्र उघडलं. सेमिनारसाठी आणलं होतं, म्हणजे चार पानं उतरवायची आणि परत करायचं असा बेत होता. ते सगळं वाचून झालं. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं. आणि फॅरडेला मी अरे-तुरे करणार आहे. एवढ्या रात्री सोबत काढल्यावर अहो-जाहो जमत नाही.)

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनला लागून असलेल्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहार होते आणि कायम आजारी असत. १८०१ साली धान्य फार महागलं, तेव्हा मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा असे. शाळा म्हणजे जेमतेम लिहिणं, वाचणं आणि बेरीज-वजाबाकी. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या बुकबाईंडरकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवारी करू लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा बांधता बांधता वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक, या दोन गोष्टींनी त्याला पकडलं. चार पैसे जमले की तो त्यातला एखादा प्रयोग करून बघायचा. छापलेलं आहे म्हणून खरं मानायचं नाही, ही सवय तिथूनच लागली.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने त्या व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, सगळ्याची सुमारे तीनशे पानं झाली, ती स्वतः बांधली आणि नोकरीच्या अर्जासोबत डेव्हीकडे पाठवून दिली. (आमच्याकडे व्याख्यानाच्या नोट्स झेरॉक्स सेंटरवर मिळतात. असो.) पुढे डेव्हीच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला मारामारीबद्दल काढून टाकलं आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरडेला मिळाली. काम होतं बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं, व्याख्यानाच्या वेळी पुढे-मागे करणं. लगेच दीड वर्ष युरोपचा प्रवास घडला, त्यात ॲम्पियर भेटला, व्होल्टा भेटला. पण डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखं वागवलं आणि मनस्तापही भरपूर दिला.

आता मुख्य गोष्ट. १८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडला दिसलं की, तारेतून वीज सोडली की शेजारची चुंबकसूची हलते. तोपर्यंत वीज हा एक विषय आणि चुंबक हा दुसरा विषय, अशी खातेवाटणी होती. फॅरडेला ही वाटणी मनातून मान्य नव्हती. त्याची अशी पक्की धारणा होती की वीज, चुंबकत्व, उष्णता, प्रकाश, गुरुत्व ही सगळी मुळात एकाच शक्तीची वेगवेगळी रूपं आहेत आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतच असणार. ही धारणा अर्धी प्रयोगातून आली आणि अर्धी बहुधा धर्मातून. तो सँडेमानियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा होता आणि एकाच कर्त्याने घडवलेल्या सृष्टीत फुटकळपणा असेल हे त्याला पटणं कठीण होतं. मला इथे धर्मावर काही म्हणायचं नाही. एवढंच, की ही धारणा त्याने चाळीस वर्षं सोडली नाही.

१८२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने पाऱ्याच्या वाटीत चुंबक उभा केला आणि विजेची तार त्याच्याभोवती गोल फिरवून दाखवली. आपली मोटर ती हीच. पण त्यावरून मोठं भांडण उभं राहिलं. वुलस्टन नावाचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ तशाच कल्पनेवर काम करत होते, त्यांचं नाव न घेता लेख छापला म्हणून कल्पना चोरल्याची कुजबुज झाली. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला खरा, पण तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष डेव्हीच होता आणि त्याने या निवडीला विरोध केला होता. ज्याने हात धरून आत आणलं, त्यानेच दार लावायला बघावं!

यानंतरची वर्षं मला सगळ्यात जवळची वाटतात, कारण ती वाया गेली असं कुणीही म्हणेल. चुंबकापासून वीज निर्माण करायची, असं त्याने १८२२ च्या सुमारास वहीत लिहून ठेवलं होतं. १८२४ ला प्रयत्न केला, काही नाही. १८२५ ला केला, नाही. १८२८ ला केला, नाही. शिवाय मधली बरीच वर्षं काचेत गेली. दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवायचं काम रॉयल सोसायटीच्या समितीने त्याच्यावर टाकलं होतं. इन्स्टिट्यूशनमध्ये खास भट्टी बांधली, अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट मदतीला घेतला आणि शिसं घातलेली जड काच वितळवत, ढवळत, थंड करत बसले. दुर्बिणीवाल्यांना त्या काचेचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. म्हणजे १८२६ साली कुणी फॅरडेला विचारलं असतं की पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस, तर बिचारा भट्टीकडे बघून काय बोलला असता?

पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, त्याने सहा इंच व्यासाची मऊ लोखंडाची कडी घेतली. एका बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी, दुसऱ्या बाजूला वेगळी वेटोळी, मधे सुती कापड आणि दोरा, कारण इन्सुलेटेड वायर विकत मिळत नव्हती. एका बाजूला बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूची सुई हलून परत जागेवर यायची. बॅटरी तोडली की पुन्हा हलायची. मधे नुसता करंट वाहत असताना मात्र स्वस्थ. म्हणजे करंट असून भागत नाही, तो बदलावा लागतो. मागचे प्रयत्न कशाने फसले, तेही यात आलं. कायम टिकणारा परिणाम शोधणाऱ्याला क्षणभराचा झटका हातातून निसटणारच. ऑक्टोबरमध्ये त्याने कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली, मग चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग वीज मिळवली. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर, आमच्या सिलॅबसची दोन युनिट्स, दहा आठवड्यांत!

इथे आमच्या रूमवर वाद झाला. रूममेट म्हणाली, मग टार्गेट होतंच की, वहीत लिहिलंय ना! मुद्दा बरोबर आहे. पण टार्गेट पुरं झाल्यावर माणूस काय करतो ते बघा. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सीने हाताने फिरवायचा जनरेटर बनवला. फॅरडेने त्या शर्यतीत भागच घेतला नाही, यंत्रं मोठी करायचं काम इतरांसाठी सोडून दिलं. एवढंच नाही, १८३० साली बाहेरच्या धंद्याच्या कामांतून त्याला हजारेक पौंड मिळाले होते, तेही काम त्याने यानंतर बंद करत आणलं. इन्स्टिट्यूशनचा पगार होता वर्षाला शंभर पौंड, वर राहायला जागा, कोळसा आणि मेणबत्त्या. त्याच्या दृष्टीने इंडक्शन हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. वीज आणि चुंबक यांच्यातली भिंत पडली, आता बाकीच्या भिंती होत्या.

त्याची वहीही याच हिशेबाने चालते. १८३२ पासून त्याने प्रयोगाच्या नोंदींना ओळीने नंबर द्यायला सुरुवात केली. १८६० पर्यंत तो आकडा १६,०४१ वर गेला. जमलेलं आणि फसलेलं एकाच रांगेत, सारख्याच अक्षरात. फसलेल्याला वेगळी वही नाही.

गणित त्याला येत नव्हतं, अगदी साधं बीजगणितसुद्धा. चुंबकावर कागद धरून लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, त्या त्याला खऱ्या वाटायच्या. चुंबकाच्या आत नव्हे, भोवतालच्या मोकळ्या जागेत काहीतरी चाललं आहे, असं तो सांगत राहिला आणि गणितवाले बहुतेक दुर्लक्ष करत राहिले. १८५५-५६ मध्ये केंब्रिजच्या तरुण मॅक्सवेलने त्या बलरेषा गणितात मांडल्या. तो लेख हाती आल्यावर साठी ओलांडलेला फॅरडे गणिताचा तो मारा बघून आधी घाबरला आणि मग आपली कल्पना त्यात तग धरून आहे हे बघून चकित झाला. मॅक्सवेलची चार समीकरणं ज्यांची ज्यांची के.टी. आहेत त्यांनी नोंद घ्यावी, मूळ मालकालाही ती सुटली नसती.

१८४० च्या आसपास त्याची तब्येत ढासळली. चक्कर यायची, विसर पडायचा, काही वर्षं प्रयोग जवळजवळ बंदच होते. परत उभा राहिला तो पुन्हा त्याच धारणेवर. चुंबकत्व आणि प्रकाश यांचा संबंध असलाच पाहिजे. वेगवेगळे पारदर्शक पदार्थ चुंबकाजवळ धरून त्यांतून पोलराइज्ड प्रकाश सोडून बघितला, काही होईना. १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्याने कपाटातला एक जुना तुकडा काढला. दुर्बिणीवाल्यांच्या कामी न आलेली ती जड काच! तिच्यातून जाताना प्रकाशाचं प्रतल वळलं. त्यालाच आपण फॅरडे इफेक्ट म्हणतो आणि आज सबस्टेशनमध्ये करंट मोजायच्या ऑप्टिकल सेन्सरमध्येही तो वापरतात. जी वर्षं वाया गेली असं मी वर लिहिलं, त्या वर्षांचं काय करायचं ते आता तुम्हीच ठरवा.

राहिलं गुरुत्वाकर्षण. १८४९ मध्ये त्याने कॉइल्स उंचावरून खाली सोडून त्यांत वीज येते का ते तपासलं. काही आढळलं नाही. काही आढळलं नाही असं स्पष्ट सांगणारा लेख १८५० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला आणि तरीही संबंध आहे असं आपल्याला वाटतं, हेही त्यातच नोंदवलं. दहा वर्षांनी लंडनमधल्या एका उंच मनोऱ्यात शिशाची वजनं वर-खाली करून पुन्हा बघितलं. पुन्हा नाही. हा दुसरा लेख स्टोक्सच्या सल्ल्यावरून छापलाच गेला नाही. गुरुत्वाला बाकीच्या बलांशी जोडण्याचं काम आजही पुरं झालेलं नाही, त्यामुळे फॅरडे तिथे चुकला होता की फक्त लवकर आला होता, हे मला सांगता येत नाही.

दरम्यान रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद चालून आलं, ते नाकारलं. सर ही पदवीही घेतली नाही. राणीने हॅम्प्टन कोर्टला राहायला दिलेलं घर तेवढं १८५८ मध्ये घेतलं.

मार्च १८६२ मधला प्रयोग शेवटच्या प्रयोगांपैकी. वय सत्तर, आठवण पार गेलेली. त्याने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली आणि तिच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का ते बघितलं. बदलल्या नाहीत. त्याने तसं लिहिलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. १८९६ साली हॉलंडमध्ये झीमनने, फॅरडेने हे करून पाहिलं होतं असं वाचून, जास्त चांगल्या उपकरणांनी तोच प्रयोग पुन्हा केला. रेषा रुंदावल्या. १९०२ चं नोबेल त्याला लॉरेंट्झबरोबर त्यासाठीच मिळालं.

पुस्तक परत केल्यावर मी माझं जर्नल काढलं. खोडलेले तीन पॉईंट रबराखाली अजून अंधुक दिसतात. फील्ड करंट वाढवत नेताना आमच्यातल्या कुणीतरी मधेच ऱ्हिओस्टॅट मागे फिरवला होता, आणि उतरत्या करंटला व्होल्टेज जास्तच दाखवणार, लोखंडात आधीचं चुंबकत्व शिल्लक राहतं म्हणून. म्हणजे हायस्टेरिसिस, युनिट दोन, आठ मार्कांना हमखास येणारं. पॉईंट तिन्ही बरोबर होते. मी ते पेनाने परत काढलेत. सरांना दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.