अल बेन्सन : माइकपासून मालकीपर्यंत

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये एप्रिल महिना भीमगीतांचा असतो. गाणारे आपले, ऐकणारेही आपले. पण रेकॉर्डिंगची कंपनी आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून अमेरिकेतील अल बेन्सन यांचे आयुष्य आमच्या तरुणांना माहीत असावे, असे आम्हाला वाटते.

त्यांचे मूळ नाव आर्थर लीनर. जन्म १९०८ चा, मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावचा. आपल्याकडे पाणवठ्यावर जात आडवी येई, तिथे रंग आडवा येई. पुढे ते शिकागोला आले, धर्मोपदेशक झाले. १९४५ मध्ये डब्ल्यूजीईएस या रेडिओ केंद्रावर त्यांना पंधरा मिनिटांचा धार्मिक कार्यक्रम मिळाला. त्यात जाहिराती विकता येत नव्हत्या. तेव्हा त्यांनी नाव बदलले, प्रवचन सोडले आणि ब्लूज वाजवायला घेतले. ब्लूज म्हणजे कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेले गाणे. कापूस वेचणाऱ्या वऱ्हाडाला ते दुःख वेगळे सांगायला नको.

त्याआधीही शिकागोच्या रेडिओवर जॅक कूपर यांच्यासारखे कृष्णवर्णीय निवेदक होते. पण ते घोटीव, प्रमाण इंग्रजी बोलत. बेन्सन मात्र गावाकडच्या बोलीतच बोलले. शिकलेल्या मंडळींनी नाके मुरडली. वऱ्हाडी बोलल्यावर आपल्यालाही हा अनुभव येतोच! पण मिसिसिपीहून पोटासाठी आलेल्या हजारो कष्टकऱ्यांना तो आवाज आपला वाटला. वस्तीतले दुकानदार त्यांना जाहिराती देऊ लागले.

बेन्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांना काय आवडते हे रेडिओमुळे कळत होतेच. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. १९५२ च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या ‘पॅरट’ने अल्बर्ट किंग या पुढे गाजलेल्या गायकाची पहिली रेकॉर्ड काढली. त्यांचे पुतणे जॉर्ज आणि अर्नी लीनर त्यांच्याच हाताखाली धंदा शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची कंपनी उभारली.

त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पैसे घेऊन गाणी वाजवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. गायकांचे पैसे थकवल्याच्या तक्रारीही झाल्या. मालक आपला असला म्हणजे न्याय आपोआप होत नाही.

तरी १९५६ ची एक गोष्ट विसरता येत नाही. त्या वर्षी बेन्सन यांनी विमान भाड्याने घेऊन आपल्या जॅक्सन गावावर अमेरिकेच्या संविधानाच्या ५,००० प्रती टाकल्या. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. १९७८ मध्ये बेन्सन यांचे निधन झाले.

आज रेकॉर्डिंग मोबाइलवर होते. आपल्या गायन पार्ट्यांनी आपल्या बोलीत गावे, चॅनल स्वतःच्या नावावर ठेवावे आणि ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत प्रत्येकाचा वाटा आधीच कागदावर लिहावा. येत्या जयंतीपासून एवढे तरी सुरू करू या.