जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे मुंबईतील एक मोठे व्यापारी, शिक्षणप्रसारक व लोकनेते होते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका दैवज्ञ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे इंग्रजी व संस्कृतचे शिक्षण घरीच झाले.

व्यापार आणि पत

वडील शंकरशेट १८२२ मध्ये निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. वडिलोपार्जित संपत्ती मोठी होती. परंतु पेढीवरील विश्वास त्यांना स्वतःच्या वागणुकीने टिकवावा लागला. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये स्थापन झाली. तोपर्यंत शहरातील देवघेव बव्हंशी सराफांच्या शब्दावर व हुंडीवर चाले. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्याने परदेशी व्यापाऱ्याला आपली रोकड कित्येक महिने कोणाच्या तरी स्वाधीन ठेवावी लागे. अरब, अफगाण आदी व्यापारी ती नानांच्या हवाली करीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. नाना ज्या गुणांवर स्वतंत्र व्यापारी म्हणून उभे राहिले, त्यांत साहसापेक्षा हा चोखपणा अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

रेल्वे आणि बोरघाट

देशावरील कापूस व धान्य मुंबईत आणणे हे त्या काळी जिकिरीचे काम होते. माल बैलांवरून किंवा गाड्यांतून बोरघाट उतरे, खोपोलीमार्गे पनवेलला येई आणि तेथून होड्यांनी मुंबईला जाई. पावसाळ्यात ही वाहतूक मंदावे. घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तरी अडचण पुरती सरली नाही. खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरून आज घाटाकडे जाणाऱ्या वाहनांची रांग पाहणाऱ्याला त्या प्रवासाची कल्पना येणे कठीण आहे.

रेल्वेची कल्पना पुढे येताच नानांनी व सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तिला पाठबळ दिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत दोघांचा सहभाग होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हा नाना तिच्या प्रवाशांत होते. लोहमार्ग १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीस पोहोचला आणि तेथे अडला. खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला; मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा गाडीने ओलांडावा लागे. अखेर १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी गेली. त्यासाठी हजारो मजुरांनी प्राण गमावले, हे या यशाबरोबरच नोंदवले पाहिजे. कल्पना मांडली गेल्यापासून घाट पार होईपर्यंत सुमारे दोन दशके लोटली होती. झटपट नफ्याची अपेक्षा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे हे काम नव्हते.

सार्वजनिक कार्य

१८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सदस्य होते. शिक्षण केवळ इंग्रजीतून द्यावे, या अर्स्किन पेरी यांच्या मताविरुद्ध त्यांनी मातृभाषेची बाजू ठामपणे मांडली. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत (१८५२) ते अग्रभागी होते. १८६२ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर त्यांची नियुक्ती झाली.

मृत्यू

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये ओसरली आणि शेअरांच्या सट्ट्यात गुंतलेल्या अनेक पेढ्या बुडाल्या. १ जुलै हा त्या सौद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्याच महिन्याच्या अखेरीस नानांचे मुंबईत निधन झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये अव्वल ठरणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली.