भोरचे शंकरराव देव

संयुक्त महाराष्ट्राचे नाव निघाले की आपल्याकडे आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, सेनापती बापट ही नावे आपोआप तोंडावर येतात. ती यावीत हे योग्यच आहे. परंतु या मागणीचा भार ज्यांनी पहिली दहा वर्षे वाहिला ते संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष शंकरराव देव हे आपल्या भोरचे, हे नव्या पिढीतील भगिनींना सांगावे लागते. त्यांचा जन्म पंतसचिवांच्या संस्थानात गेल्या शतकाच्याही मागे, १८९० नंतरच्या दशकात झाला. त्या काळी राजगड व तोरणा हे वेल्ह्याकडील दोन्ही किल्ले याच संस्थानात मोडत. संस्थानी प्रजा म्हणून जन्मलेला हा मुलगा पुढे दिल्लीच्या घटना समितीत जाऊन बसला.

शंकरराव प्रथम लोकांच्या नजरेस आले ते शेजारच्या मुळशीत. टाटा कंपनीच्या विजेच्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरे जाऊ लागली तेव्हा १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. त्यात शंकरराव पुढारी होते. सेनापती बापटांचे नाव या लढ्याला कायमचे जोडले गेले, पण आरंभीची मंडळी आठवताना देवांना वगळता येत नाही. मुळशीचे धरण झालेच. पुढे १९२८ साली भाटघरचे धरण पुरे झाले आणि वेळवंडीच्या खोऱ्यातील घरांनाही तेच दुःख पाहावे लागले. जमीन जाणे म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतरची वीस वर्षे तुरुंग आणि काँग्रेसचे काम यांत गेली. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, तेव्हा शंकरराव स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्ष होते पंडित नेहरू. कार्यकारिणीत तर ते बरीच वर्षे होते. खादी, साधे राहणे व गांधीजींवर पूर्ण निष्ठा, असा त्यांचा परिचय सर्वत्र होता.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीला पकडण्यात आले व सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्या बारा बंदिवानांत शंकरराव होते. बरोबर कोण होते ते पाहावे: नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, पट्टाभि सीतारामय्या, मौलाना आझाद, कृपलानी. जवळजवळ तीन वर्षांचा हा सहवास. एकाच भिंतीच्या आत जेवणे, वाचणे, आजारी पडणे. पहिली चार नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या हकिकतीत ती पुन्हा येणार आहेत.

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, मराठी भाषकांच्या एका प्रांताची मागणी झाली. २८ जुलैला मुंबईत परिषद भरली व संयुक्त महाराष्ट्र परिषदेची धुरा शंकररावांकडे आली. त्याच वर्षी ते काँग्रेसचे सरचिटणीसही झाले, आणि डिसेंबरात घटना समितीचे काम सुरू झाले तेव्हा तिचे सभासदही होते. म्हणजे मागणारा तोच आणि ज्या पक्षाकडे मागायचे त्याचा चिटणीसही तोच! ही अडचण त्यांना जन्मभर पुरली.

घटना समितीत काँग्रेसचे बहुमत इतके मोठे होते की खरा विरोध पक्षाच्या आतूनच व्हावा लागे. भाषावार प्रांतांचा प्रश्न त्यांतलाच. १९४७ च्या ८ ऑगस्टला अकोल्यास विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या पुढाऱ्यांत करार झाला. त्यात शंकरराव प्रमुख होते. पण १९४८ च्या अखेरीस दार आयोगाने भाषावार प्रांत नकोत असाच अभिप्राय दिला. लोक नाराज झाले, म्हणून जयपूरच्या अधिवेशनात तिघांची समिती नेमली गेली. ते तिघे म्हणजे जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या. तिघेही नगरच्या किल्ल्यातले सोबती! १९४९ च्या एप्रिलमध्ये त्यांचा अहवाल आला: आंध्राचा विचार करता येईल, महाराष्ट्राला घाई नको, आणि झालाच तर मुंबई त्यात असणार नाही.

येथे घटनेतील एक कलम समजून घेतले पाहिजे. आपल्या मंडळाची घटना बदलायची तर सभासदांची सभा बोलवावी लागते. भारताच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे मात्र राज्याच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते, पण ते मानलेच पाहिजे असे नाही. म्हणून २६ जानेवारी १९५० ला घटना अंमलात आली तरी महाराष्ट्राचा निकाल दिल्लीच्याच हाती राहिला, आणि दिल्ली म्हणजे काँग्रेस. शंकररावांचा हिशेब सरळ होता: पक्ष आपला आहे, माणसे आपली आहेत, आतूनच पटवू. त्याच वर्षी ते काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. टंडनांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि देवांना २०२ मते पडली. आपले वजन किती, ते त्यांना त्या दिवशी कळले असावे असे मला वाटते.

त्याच घटना समितीत भोरकडचे आणखी एक सभासद होते, केशवराव जेधे. त्यांचे घराणे आपल्या कारीचे, कान्होजी जेध्यांचे. केशवराव १९४८ साली काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढे परत आले, आणि वेळ येताच पुन्हा बाहेर पडले. लोकांनी त्यांना धरसोडीचे म्हटले. शंकरराव जागचे हलले नाहीत, तर लोकांनी त्यांना दिल्लीचे म्हटले. दोघांनाही बोल लागलाच.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विदर्भ वेगळा, आणि उरलेला महाराष्ट्र गुजरातसह एका द्वैभाषिकात. तेव्हा शंकररावांनी तोडगा सुचविला की द्वैभाषिकच करायचे तर विदर्भही त्यात घ्या, आणि पाच वर्षांनी गुजरातला वेगळे होण्याची मुभा ठेवा. यात मुंबई व विदर्भ दोन्ही हाती राहत होते. पण इकडे लोकांना वाटले, अध्यक्षानेच मागणी सोडली. तिकडे कार्यकारिणीने तीन राज्यांचा निर्णय दिला: महाराष्ट्र, गुजरात, आणि मुंबई शहर निराळे. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा माणसे पडली. गृहमंत्री होते गोविंद वल्लभ पंत, किल्ल्यातले चौथे सोबती.

डिसेंबरच्या आरंभी फलटण येथे यशवंतराव चव्हाणांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिषदेपासून अंग काढून घेतले आणि देवांच्या नेतृत्वावर आपला विश्वास नसल्याचे सांगितले. एका बाजूने काँग्रेसमधील मराठी मंडळी गेली. दुसऱ्या बाजूने, जानेवारीत मुंबई केंद्राकडे ठेवण्याची घोषणा नेहरूंनी रेडिओवरून केल्यावर आणि पुन्हा रक्त सांडल्यावर, विरोधी पक्ष थांबण्यास तयार नव्हते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी केशवराव जेध्यांच्या पुढाकाराने पुण्यास टिळक स्मारक मंदिरात सभा झाली व संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. दहा वर्षांच्या अध्यक्षाला तिच्यात जागा नव्हती. सत्याग्रह, मोर्चे, १९५७ च्या निवडणुकीतील समितीचा विजय, हे सारे त्यांच्यावाचून झाले.

कोण चुकले? देवांची चूक अशी की सत्तेवर बसलेला मित्र हा तुरुंगातल्या मित्राहून निराळा असतो, हे त्यांनी फार उशिरा ओळखले. लोकांच्या मतांचा धाक पडेपर्यंत दिल्ली हलली नाही, हे तर उघड आहे. परंतु तोडगा मात्र निर्बुद्ध नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा व गुजरातसह जे मोठे द्वैभाषिक झाले ते जवळजवळ त्यांच्याच आराखड्याचे होते. पाच वर्षे जाण्याआधीच, १ मे १९६० रोजी, गुजरात निराळा होऊन मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्या योजनेसाठी त्यांना शिव्या बसल्या ती दुसऱ्यांच्या हातून पार पडली, आणि मध्ये शंभरावर माणसांचे प्राण गेले. केशवरावांना तर हा दिवस पाहायला मिळालाच नाही. ते १९५९ च्या नोव्हेंबरात गेले.

शंकररावांनी नंतर राजकारण सोडले व सर्वोदयाच्या कामास वाहून घेतले. चीनशी युद्ध झाल्यावर १ मार्च १९६३ रोजी ते दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रेस पायी निघाले. वय सत्तरीकडे झुकलेले, बरोबर देशोदेशींची मूठभर माणसे. आपल्याच लोकांनी त्यांना वेड्यात काढले, आणि चीनने प्रवेश दिला नाही. यात्रा आसामपर्यंत जाऊन थांबली. १९७४ च्या डिसेंबरात ते वारले. नेहरू, पटेल, पंत, पट्टाभि हे किल्ल्यातले चौघेही त्यांच्या आधीच गेले होते.